हिशोबात बरोबर

निवडणूक जवळ आली की पेपरात 'बंडखोर' हा शब्द रोज दिसायला लागतो. तिकीट मिळालं नाही की माणूस बंडखोर होतो, आणि अर्ज माघारी घ्यायच्या दिवशी दुपारी तीन वाजेपर्यंत बऱ्याच जणांचं बंड थंडही होतं. शहरात साहित्याच्या कार्यक्रमाला गेलं की तिथं हाच शब्द हार घालताना वापरतात. अमके बंडखोर कवी, तमक्या बंडखोर लेखिका. आमच्या ख्रिस्ती मंडळीत मात्र हा शब्द शिवीसारखा आहे. उपदेशात पाळकसाहेब 'बंडखोर आत्मा' असं म्हणाले की सतरंजीवर पुढं बसलेले मागं वळून बघतात आणि मागं बसलेले खाली मान घालतात.

मी शेतकरी माणूस. १९७६ साली दहावी झालो आणि लगेच औताला लागलो. शास्त्राचं शिक्षण म्हणाल तर घरातली संध्याकाळची प्रार्थना, रविवारची शाळा आणि दुपारी जनावरं पाण्यावर नेऊन आणली की झाडाखाली बसून केलेलं वाचन, एवढंच. पण या एका शब्दाबद्दल चार गोष्टी सांगाव्यात असं बरेच दिवस मनात आहे. कारण हा शब्द आमच्या घरात दोनदा आला. एकदा माझ्या आजोबांना लावला गेला आणि एकदा माझ्या थोरल्या चुलतभावाला. शब्द एकच, पण बंडं दोन जातीची होती.

आजोबांना आम्ही आबा म्हणायचो. नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनचं काम १८३१ साली सुरू झालं, पुढं आणखीही मिशनं आली, आणि १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या मागंपुढं महारवाड्या-मांगवाड्यातली पुष्कळ घरं ख्रिस्ती झाली. आमचं घर त्या मानानं उशिरा, आबांच्या तरुणपणी आलं. आमच्याकडं कोणत्या मिशनचे लोक आले ते मुद्दाम लिहीत नाही. पुढं जी भानगड सांगायची आहे तिच्यात कुणाचं नाव यायला नको.

त्या काळी गावात कुणाचं ढोर मेलं की ते ओढून न्यायचं काम आमच्या माणसांचं. येसकरकी करायची, सरकारी सांगावे पोचवायचे, वेशीची राखण करायची, आणि हे सगळं वतनाच्या नावाखाली. बदल्यात बलुतं आणि लोकांच्या घरचं शिळंपाकं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ साली महाडला लोकांना मेलेली ढोरं ओढायचं सोडा म्हणून सांगितलं होतं. ते वारं हळूहळू आमच्याही भागात आलं. आबांनी बाप्तिस्मा घेतल्यावर पाटलाच्या वाड्यापुढं उभं राहून सांगितलं, "पाटील, उद्यापासून ढोर वढनार नाय. दुसरं कायबी काम सांगा, मजुरी द्या, करतो."

गावानं वाळीत टाकलं. दुकानदारानं मीठमिरची बंद केली. गायरानात शेळी सोडू देईनात. विहिरीचं पाणी तर आधीही नव्हतंच. "म्हातारा मिशनीत गेला आन् माजला, बंड केलं त्यानं," असं लोक म्हणायचे. खरं तर आबा तेव्हा म्हातारे नव्हतेच, तिशीतले असतील.

त्याच उन्हाळ्यात पाटलाच्या खळ्याला आग लागली. ही गोष्ट मी वडलांकडून ऐकली आहे. आबा घोंगडी भिजवून पळत गेले आणि गंजी विझवायला लागले. तिथं दोघातिघांनी त्यांना धरलं, कारण पहिला संशय त्यांच्यावरच होता. ज्याचं तुम्ही मीठ बंद केलं तो माणूस तुमची आग विझवायला येईल, हे कुणाच्या डोक्यात बसेना. पाटलीणबाईंनीच सांगितलं की आग चुलीतल्या निखाऱ्यानं लागली, तेव्हा त्यांना सोडलं. दुसऱ्या दिवशी गावातलं एक ढोर मेलं होतं. आबांनी ते ओढलं नाही. आग विझवली म्हणून ढोर ओढलं नाही, आणि ढोर ओढणार नाही म्हणून आग जळू दिली नाही. मला वाटतं आबांचं सगळं ख्रिस्तीपण या दोन दिवसांत येऊन जातं.

प्रेषितांच्या कृत्यांमध्ये पेत्र आणि दुसरे प्रेषित असंच करतात. धर्मसभेनं घातलेली बंदी ते पाळत नाहीत, तसं तोंडावर सांगतात, फटके खातात, आणि पुन्हा त्याच मंदिरात जाऊन बसतात. दगड कुणावर उचलत नाहीत. पुढं ही हलकी वतनं सरकारनं १९५८ च्या कायद्यानं रद्द केली. आबा तेव्हा हयात होते. कुणीतरी पेपर वाचून दाखवला तेव्हा ते एवढंच म्हणाले म्हणे, "चला, सरकारलाबी पटलं म्हनायचं."

आता चुलतभावाची गोष्ट. त्याला आम्ही सगळे दादा म्हणायचो. माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. अंगानं धिप्पाड, आवाज असा की भजनात पेटीची गरज पडू नये. नाताळात रात्रभर गावात फेरी काढायची ती त्यानंच. वडील लहानपणी वारल्यामुळं तो आमच्याच घरात वाढला. माझ्या वडलांना सगळे नाना म्हणायचे, तोही नानाच म्हणायचा.

१९८४ ची गोष्ट. आमची मंडळी चाळीस घरांची. दगडी भिंतींचं, पत्र्याचं छोटं मंदिर आणि मंडळीच्या मालकीची चार एकर जमीन. ती जमीन अर्धलीनं दिलेली असायची. आलेलं धान्य विकून पैसे खजिनदाराकडं जमा व्हायचे. त्यातून मंदिराची डागडुजी, गरिबाच्या घरची मयत, मुलांची पुस्तकं असा खर्च व्हायचा. तीन वर्षं झाली, हिशोब कुणी वाचून दाखवला नव्हता. दादानं विचारलं, तर खजिनदार म्हणाले पुढच्या महिन्यात. पुढचा महिना काही येईना. पाळकसाहेब खजिनदाराच्या बाजूनं. त्यांनी एका रविवारी कोरहाच्या बंडावर उपदेश केला. कोरह मोशेविरुद्ध उठला आणि पृथ्वीनं तोंड उघडून त्याला गिळलं, ती गणनेच्या पुस्तकातली गोष्ट. नाव घेतलं नाही, पण सगळे दादाकडं बघत होते.

उपासना सुटल्यावर नाना दारात थांबले. सगळ्यांना सलाम करून झाल्यावर पाळकसाहेबांना म्हणाले, "साहेब, कोरहाची गोष्ट तुमी अर्धीच सांगितली. त्याच गोष्टीत मोशे देवापुढं सांगतो, मी या लोकांचं एक गाढवसुदिक घेतलेलं नाय. त्यानं आधी आपला हिशोब दिला. आपुनबी देऊ. मग कोरहावर बोलू."

पाळकसाहेबांचा चेहरा उतरला. पण नाना हे बोलले तेव्हा त्यांची टोपी हातात होती. हे मी मुद्दाम सांगतो.

नानांनी मग वार्षिक सभेत उभं राहून हिशोब मागितला. सभेनं पुढं ढकलला. तेव्हा नानांनी वरच्या कमिटीला अर्ज लिहायचं ठरवलं. लिहिणारा मी. अर्ज लिहून झाल्यावर नाना तो पोस्टात टाकण्याआधी पाळकसाहेबांच्या घरी घेऊन गेले आणि मला म्हणाले, "वाच मोठ्यानं." मी वाचला. पाळकसाहेबांच्या मंडळी चहा ठेवायला उठल्या होत्या, त्या तिथंच उभ्या राहिल्या. वाचून झाल्यावर नाना म्हणाले, "साहेब, ह्याच्यात काय खोटं आसंल तर सांगा, आत्ता खोडतो." पाळकसाहेब काही बोलले नाहीत. आम्ही चहा घेतला आणि अर्ज पोस्टात टाकला.

दादाला हे सगळं पाणचट वाटलं. "नाना, तुमी चोराला आधी सांगून मग पोलिसात जाता," तो म्हणाला. त्यात तथ्य नव्हतं असं नाही. पण त्याचं चाललं होतं ते वेगळंच. रात्री विहिरीवर बैठका व्हायला लागल्या. आधी विषय हिशोबाचा असायचा. मग पाळकसाहेबांच्या उपदेशाचा झाला, मग त्यांच्या बायकोच्या लुगड्याचा, मग त्यांच्या मुलाला नोकरी कशी लागली याचा. हिशोब मागं पडला आणि माणूस पुढं आला. दादानं पाळकसाहेबांच्या हातून प्रभुभोजन घ्यायचं सोडलं. त्याच्याबरोबरच्या सतरा घरांनीही सोडलं.

एका शनिवारी दुपारी तो मला म्हणाला, "आज रात्री पहार घेऊन ये. कुलूप काढायचंय." मी गेलो नाही. त्यात माझा काही मोठेपणा नाही. त्या रात्री आमची पाण्याची पाळी होती. आमचं रान चारीच्या पार शेवटाला. तिथं पाणी पोचेपर्यंत वरचे सगळे पिऊन घेतात, आणि पाळी चुकली तर पुढचं आवर्तन येईपर्यंत गहू पिवळा पडतो. नाना आणि मी कंदील घेऊन बारी धरत होतो. मी त्यांना पहारीचं सांगितलं.

नाना बराच वेळ बोलले नाहीत. एक वाफा भरला, फावड्यानं तोंड बांधलं, दुसऱ्याचं उघडलं. मग म्हणाले, "वरच्या लोकांनी आपलं पानी खाल्लं तर आपुन काय करतो? पाटकऱ्याला बोलतो, अर्ज देतो, जाऊन भांडतोबी. चारी फोडीत नाय. चारी फोडली तर आपल्याला रातीपुरतं मिळंल. पन उद्यापासून ज्याच्या हातात पहार, त्याचं पानी. आन् आपुन तर शेवटाला हावोत."

सकाळी मंदिराच्या दाराला नवं कुलूप होतं. त्याच्यावर दुपारी दुसऱ्या गटानं दुसरं कुलूप घातलं. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं सील लावलं. सहा वर्षं मंदिर बंद राहिलं. आत पारव्यांनी घरं केली. दर रविवारी एक उपासना शाळेच्या ओट्यावर आणि दुसरी चिंचेखाली व्हायची, दोनशे पावलांवर. वाऱ्याची दिशा असेल तसं एकांचं गीत दुसऱ्यांच्या प्रार्थनेत यायचं.

मध्येच एक गोष्ट घडली. नानांचा अर्ज गेल्यावर चौदा महिन्यांनी वरून दोन माणसं आली. वह्या तपासल्या. अठराशे चाळीस रुपयांचा मेळ लागला नाही. खजिनदारानं गाय विकून पैसे भरले आणि पद सोडलं. पाळकसाहेबांची बदली झाली. दादा जे मागत होता ते सगळं मिळालं होतं. वाटलं, आता मिटलं. नाना स्वतः दादाला सांगायला गेले. दादा म्हणाला, "आता आले व्हय?" आणि उठून गोठ्यात गेला. त्या रात्री तो जेवला नाही, असं वहिनीनं माझ्या आईला सांगितलं.

हे मला त्या वेळी नवल वाटलं. ज्यासाठी भांडलो ते मिळाल्यावर माणूस उपाशी का झोपतो? पुढं शास्त्र वाचताना एके ठिकाणी थांबलो आणि मग उलगडा झाला. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात दावीद राजाचे दोष काढणारी दोन माणसं आहेत. एक नाथान संदेष्टा. राजानं दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवलं, एवढं मोठं पाप. नाथान सरळ राजाकडं गेला, गरिबाच्या एकुलत्या मेंढीची गोष्ट सांगितली आणि तो माणूस तूच आहेस असं तोंडावर सांगितलं. दुसरा राजाचा मुलगा अबशालोम. त्याच्याकडंही तक्रार होती आणि तीही पोकळ नव्हती. त्याच्या बहिणीवर अत्याचार झाला होता आणि बापानं गुन्हेगाराला शिक्षा केली नव्हती. पण अबशालोम दरबारात गेला नाही. तो पहाटे उठून वेशीत उभा राहायचा. न्याय मागायला आलेल्या प्रत्येकाला जवळ घ्यायचा, मुका घ्यायचा आणि म्हणायचा की तुझं बरोबर आहे पण तुझं ऐकणारं इथं कुणी नाही, मी न्यायाधीश असतो तर बघितलं असतं.

दोघंही हिशोबात बरोबर होते. नाथानाला राजा सुधारायला हवा होता. अबशालोमाला राजा तसाच राहायला हवा होता, कारण राजा सुधारला असता तर वेशीत उभं राहायला कारणच उरलं नसतं. दादा त्या रात्री जेवला नाही त्याचं कारण मला इथं सापडलं. हिशोब लागला आणि त्याच्या हातातून लढाई गेली.

तेव्हापासून मी स्वतःला आणि घरातल्या पोरांना एक कसोटी सांगतो. ज्याच्याविरुद्ध तुझी तक्रार आहे, त्याचं उद्या चांगलं झालं, तो उद्या सुधारला, तर तुला आनंद होईल का? होणार असेल तर खुशाल बोल, मोठ्यानं बोल, देव तुझ्या बाजूनं आहे. होणार नसेल तर आधी गुडघ्यावर जा. दुसरी कसोटी नानांची. ज्याच्याबद्दल बोलायचं, ते त्याच्यापुढं वाचून दाखवता येईल का? आज पोरं मोबाईलवरच्या ग्रुपात पाळकांबद्दल काय काय लिहितात. त्यातलं निम्मं खरंही असतं. पण तो मोबाईल म्हणजे आजची वेस आहे.

एक गोष्ट मात्र पाळकांनी आणि पंचांनीही ऐकावी. प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर म्हणणं फार सोपं असतं. आमच्या मंडळीत हिशोब पहिल्या वर्षी वाचला असता तर दादाला वेशीत उभं राहायला जागा मिळाली नसती. अधिकार ज्याच्याकडं आहे त्यानं मोशेसारखं आधी आपलं गाढव मोजून दाखवावं.

आपल्या महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती लोकांत मतभेद झालेली मोठी माणसं कमी नाहीत. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला झाला. तिथल्या ज्या सिस्टरांनी त्यांना आसरा दिला त्यांच्याशीच पुढं त्यांचा धर्ममतांवरून आणि चर्चच्या अधिकारावरून वाद झाला. स्वतःच्या मनाला पटल्याशिवाय मान डोलावणाऱ्या त्या नव्हत्या. त्यांनी पत्रं लिहून जे वाटतं ते त्यांनाच कळवलं. ती पत्रं आज छापलेली आहेत. पण नातं तोडलं नाही; आपली मुलगी मनोरमा हिला त्यांनी त्याच सिस्टरांकडं ठेवलं होतं. भारतात परत आल्यावर केडगावला जे मुक्ती मिशन उभं केलं, तिथं दुष्काळातल्या शेकडो बायकामुलींना घर मिळालं.

दुसरे आमच्या नगरचे, रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ साली बाप्तिस्मा झाला, मिशनमध्ये वीसेक वर्षं काम केलं. ख्रिस्त इथल्या मातीत, इथल्या भजनात दिसला पाहिजे, ही त्यांची तळमळ होती आणि मिशनच्या चौकटीत त्यांचा जीव घुसमटत होता. १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांना, दोघांनाही जागा होती. दोन वर्षांनी, १९१९ साली, ते वारले. मला त्यांच्या जाण्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. त्यांनी सोडला तो आपला पगार. माणूस बाहेर पडताना काय मागं ठेवून जातो आणि काय घेऊन जातो, हे बघावं. पगार मागं ठेवून जाणारा वेगळा आणि मंदिराची किल्ली खिशात घालून जाणारा वेगळा.

आम्ही शेतकरी लोक वळण कशाला म्हणतात ते जनावरांकडून शिकतो. नवा खोंड जुवाला धरायचा असला की त्याच्या जोडीला जुना, शहाणा बैल देतात. खोंड पहिले दिवस मान झटकतो, जू टाकतो, मधेच बसतो. जुना बैल त्याच्याकडं लक्ष देत नाही, आपला चालत राहतो. आठपंधरा दिवसांत खोंडाला कळतं की ओझं दोघांत वाटलंय. जो खोंड शेवटपर्यंत जुवाखाली येत नाही तो मोकळा राहतो असं कुणी समजू नये. तो दुसऱ्याच्या पिकात घुसतो आणि मग त्याच्या गळ्यात लोढणं बांधावं लागतं. लोढणं जुवापेक्षा जड असतं, आणि ते एकट्यानं ओढायचं असतं. येशू सुताराच्या घरात वाढला. त्यानं आपलं जू घ्यायला सांगितलं तेव्हा जू काय असतं हे त्याला माहीत होतं. आणि तो स्वतःही जुवाखाली होता. गेथशेमाने बागेत त्यानं हा प्याला नको असं बापाला स्पष्ट सांगितलं. मन मोकळं केलं आणि मग बापाच्या इच्छेला मान दिला. नको म्हणणं हे बंड नाही, हे मला तिथं समजलं. नको म्हणून झाल्यावर मान कुणाकडं वळते, तिथं खरी गोष्ट आहे.

दादाचं पुढं काय झालं ते सांगतो. चिंचेखालच्या मंडळीत तीन वर्षांनी दुसरं भांडण झालं. वर्गणीच्या पेटीवरूनच. ज्या पोरांना त्यानं विहिरीवरच्या बैठकीत बोलायला शिकवलं होतं, ती आता त्याच्याशिवाय दुसऱ्या विहिरीवर बसायला लागली. एका रविवारी तो गेला तर सतरंजी दुसरीकडं अंथरलेली होती. तो तिसरीकडं गेला, तालुक्याच्या गावी, तिथंही चार महिने टिकला. मग कुठंच जाईना. पेटी माळ्यावर टाकली. एवढा मोठा आवाज, पण बैलाला हाकारण्यापलीकडं ऐकू येईना.

संध्याकाळी मात्र तो आमच्या ओट्यावर यायचा. नाना खाटेवर, तो पायरीवर. नानांनी एकदाही 'मी सांगत होतो' असं म्हटलं नाही. पाऊस, बाजारभाव, कोणती म्हैस आटली, असलं बोलणं चालायचं. एकदा मी दारातच बसून सुतळी वळत होतो. दादा बऱ्याच वेळानं म्हणाला, "नाना, पन हिशोबात मी बरोबर होतो."

नाना म्हणाले, "व्हतास की. हिशोबात बरोबर व्हतास."

दोघंही त्यापुढं काही बोलले नाहीत. अंधार पडला तेव्हा आईनं कंदील आणून ठेवला. नाना म्हणाले, "प्रार्थना करायची हाय. बसतोस का?" दादा बसला. गीताच्या दुसऱ्या कडव्याला त्यानं आवाज लावला, आणि आत चुलीपाशी असलेली माझी बायको भाकरी तव्यावर टाकून बाहेर आली.

१९९० साली सील निघालं. पारव्यांची घाण काढायला दोन्हीकडची माणसं आली, कारण ती एकट्या गटाला आटोपणारी नव्हती. सगळं जुळलं असं म्हणणार नाही. सतरातली सहा घरं आजही वेगळी भरतात. दादा परत आला, पण पंच कधी झाला नाही, मागंच बसायचा. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. त्याची मयत मंदिरातूनच निघाली.

गणनेच्या पुस्तकात पुढं एक ओळभर माहिती आहे, ती फारसं कुणी वाचत नाही. कोरहाबरोबर त्याचे मुलगे मेले नाहीत. आणि स्तोत्रसंहितेत दहाअकरा स्तोत्रांच्या डोक्यावर कोरहाच्या मुलांचं नाव आहे. बापानं ज्या मंडपापुढं बंड केलं, त्याच देवाच्या घरात मुलं गाणी म्हणत राहिली. दादाचा धाकटा मुलगा आज आमच्या मंडळीचा खजिनदार आहे. आवाज बापाचाच आहे. दर जानेवारीच्या पहिल्या रविवारी तो वर्षाचा हिशोब उभं राहून वाचतो आणि त्याचा कागद मंदिराच्या दाराला, कडीच्या बरोबर वर, चिकटवतो. धान्य इतकं, खर्च इतका, शिल्लक इतकी. पावसानं शाई फुटेपर्यंत तो तिथंच असतो.